आयरिसचे कुलगोत्र

ज्या फुलाला युरोप-अमेरिकेतील रोपविक्रेत्यांच्या सूचिपत्रांत अजूनही ‘जर्मन आयरिस’ म्हणण्याची वहिवाट आहे, त्याच्या कुळाचा तपास करू लागले म्हणजे जर्मनीचा संबंध त्यात नावापुरताच उरतो. सापडतात ते डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील चुनखडीचे कडे, हंगेरीची माळराने, आणि त्यांहूनही अधिक आशिया मायनर, सायप्रस, पॅलेस्टाइन व काश्मीर येथील बागा आणि कबरस्थाने. एका फुलाविषयी इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, शोभेच्या ज्या वनस्पती मनुष्याने गेल्या दोनशे वर्षांत अक्षरशः नव्याने घडविल्या, त्यांत दाढीच्या आयरिसची हकीकत मला सर्वांत उद्बोधक वाटते. ज्यांनी हे फूल घडविले त्यांना आपण काय करीत आहोत याची अर्धी कल्पनाही नव्हती. त्यांच्या डोळ्यांनी जे हेरले त्याचा हिशेब पुढे सूक्ष्मदर्शकाखाली लागला, आणि तो लागला तेव्हा वारसाचा जुना दावा मुळापासून फिरवावा लागला. आपल्याकडे पठारावरील उन्हाळ्यात आणि सह्याद्रीच्या पावसात हे झाड तग धरीत नाही. त्याच्या मूलक्षोडाला कोरडी विश्रांती लागते आणि हिवाळ्यात खरी थंडी लागते. त्यामुळे मराठी वाचकाने ते बहुधा व्हॅन गॉगच्या १८८९ सालच्या चित्रातच पाहिलेले असते.

पुढील विवेचन समजण्यासाठी फुलाची रचना डोळ्यांपुढे असली पाहिजे. सहा दलांपैकी तीन वर उभी राहून घुमटासारखी एकमेकांकडे झुकतात आणि तीन बाहेर पडून खाली लवतात. या लवलेल्या प्रत्येक दलाच्या मध्यरेषेवर, कंठाकडील भागात, केसाळ लव असते, तीच ‘दाढी’. दाढीच्या माथ्यावर पाकळीसारखा रुंद कुक्षिवृंत कमानीसारखा वाकलेला असतो, त्याच्या आडोशाला एकच पुंकेसर दडलेला असतो, आणि कमानीच्या टोकाखाली ओठासारखी एक नाजूक पट्टी असते, ती कुक्षी. मधाच्या लोभाने आत सरपटणारी माशी पाठीवरचे दुसऱ्या फुलाचे पराग त्या ओठाला घासून पुढे जाते आणि बाहेर येताना ओठाची बाजू उलटी दुमडल्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याला सहसा लावू शकत नाही. संकराची अर्धी तयारी अशी निसर्गानेच करून ठेवलेली आहे.

बियांपासून वाढविलेले आयरिस आईबापांसारखे निपजत नाहीत, त्यांत विलक्षण वैविध्य येते, ही गोष्ट व्हिएन्नातील शाही उद्यानाची व्यवस्था पाहिलेल्या आणि पुढे लायडनला स्थायिक झालेल्या क्लुसियसने १६०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवली आहे. तथापि तिचा अर्थ काय याचा विचार पुढे दोन शतके कोणी केला नाही. लिनियसने अठराव्या शतकाच्या मध्यास वनस्पतींची मोजदाद केली तेव्हा ‘जर्मानिका’, ‘व्हेरिगाटा’, ‘सांबुसिना’ असे अनेक दाढीचे आयरिस त्याने स्वतंत्र जाती म्हणून एका पंक्तीत बसविले. यांतील सांबुसिना ही वास्तविक जातीच नव्हती, तो बागेतला संकर होता. परंतु ज्याच्या बापाचा पत्ता नाही त्याला जाती म्हणण्याखेरीज त्या काळच्या शास्त्रापुढे दुसरा मार्ग नव्हता.

हेतुपुरस्सर निवडीचे काम सुरू झाले ते फ्रान्समध्ये. १८२२ च्या सुमारास पॅरिसच्या द ब्युर नामक शौकिनाने आपल्या रोपांतील एक पांढरे, कडेला जांभळे टाके घातल्यासारखे फूल निवडून त्याला ‘ब्युरिएन्सिस’ हे नाव दिले. नाव मिळालेला पहिला बागायती वाण म्हणून याच फुलाकडे बोट दाखविण्यात येते. त्याच्यापासून स्फूर्ती घेऊन बेलव्हिल येथील लेमॉं या रोपवाटिकाधारकाने बिया पेरण्याचा सपाटा लावला आणि १८४० साली सुमारे शंभर नावांची यादी प्रसिद्ध केली. लेमॉंने हाताने संकर केलेच नाहीत म्हटले तरी चालेल. मधमाश्यांनी जे घडवून आणले त्याचे बी तो गोळा करी आणि हजारो रोपांतून डोळ्याला भावेल ते ठेवून उरलेले टाकून देई. त्याच्या १८४४ सालच्या ‘मादाम शेरो’ या वाणाची पांढरी, निळ्या किनारीची फुले आजही जुन्या बागांतून फुलतात. एका माणसाच्या नजरेवर विसंबून टिकलेल्या वस्तूंत इतकी दीर्घायुषी वस्तू क्वचितच असेल.

लेमॉंच्या आणि पुढील पन्नास वर्षांत व्हेर्दिये, व्हिल्मोरँ, इंग्लंडातील सॉल्टर, बार इत्यादिकांच्या सर्व वाणांत एक कौटुंबिक साम्य होते. फुले लहान, देठ बारीक, रंग मात्र विविध: फिकट जांभळा, पांढरा, पिवळा, तांबूस-तपकिरी, आणि त्यांची मिश्रणे. हे साम्य कोठून आले याचा निवाडा पुढे विल्यम रिकेटसन डाइक्स या शाळामास्तराने दिला. चार्टरहाउस शाळेत शिकवीत असताना त्याने जगातील मिळतील तितके आयरिस स्वतः लावून, स्वतः बी धरून पाहिले आणि १९१३ साली आपला भव्य ग्रंथ ‘द जीनस आयरिस’ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की, बागेतील या सर्व जुन्या मंडळींचे मायबाप दोनच: डाल्मेशियाच्या कड्यांवरचा सुगंधी, फिकट जांभळा, चंदेरी कागदासारख्या छदांचा ‘पॅलिडा’, आणि मध्य युरोपच्या माळांवरचा बुटका, पिवळ्या उभ्या दलांचा आणि खालच्या दलांवर तांबड्या-तपकिरी शिरांची जाळी असलेला ‘व्हेरिगाटा’. या दोहोंचा संकर केला म्हणजे लिनियसच्या कित्येक ‘जाती’ बागेत पुन्हा जन्माला घालता येतात, हे त्याने करून दाखविले. जर्मानिकाविषयी त्याचा अभिप्राय अधिक निर्णायक होता: जे झाड बी जवळपास धरीतच नाही, ते शेकडो वाणांचा पूर्वज असणार कसे? ‘जर्मन आयरिस’ या नावाचा दाखला तेथेच खोटा ठरला. लोकव्यवहारातून ते नाव गेले नाही हा भाग निराळा.

परंतु डाइक्सचा निवाडा होईपर्यंत खटल्यातील मालमत्ताच बदलत चालली होती, आणि ती बदलणारा मनुष्य डाइक्सला गुरुस्थानी होता. सर मायकेल फॉस्टर, जन्म १८३६, मृत्यू १९०७, केंब्रिजचा शरीरक्रियाविज्ञानाचा पहिला प्राध्यापक, रॉयल सोसायटीचा चिटणीस आणि पार्लमेंटचा सभासद. इतका सार्वजनिक व्याप सांभाळून हा मनुष्य शेल्फर्डच्या आपल्या बागेत पहाटे आयरिसच्या परागकोशांना चिमटा लावीत असे, आणि कोणाचे पराग कोणाला लावले याची टिपणे एखाद्या प्रयोगशाळेच्या दप्तरासारखी ठेवीत असे. निकटपूर्वेत काम करणाऱ्या मिशनऱ्यांना पत्रे लिहून तो तेथील आयरिसचे मूलक्षोड मागवी. १८८५ साली आशिया मायनरमधील आमासियाहून त्याच्याकडे जे रोप आले ते ‘आमास’ या नावाने प्रसिद्धीस पावले. त्याच्या मागोमाग सायप्रसचा ‘सायप्रियाना’, ट्रॉयच्या प्रदेशातला ‘ट्रोजाना’ आणि पुढे ‘मेसोपोटामिका’ म्हणून ओळखला गेलेला वाण असा हा पौर्वात्य परिवार युरोपात जमला. त्यांची फुले पॅलिडाच्या दुप्पट, दले जाड, देठ उंच आणि फांद्या पसरट. रंग मात्र बहुतेक सर्वांचा एकच, जांभळा. दक्षिण फ्रान्समध्ये बालारुक येथे फेर्दिनां देनी याने पॅलेस्टाइनकडील ‘रिकार्डी’ नावाच्या अशाच एका थोर झाडाचा उपयोग केला.

या परिवारात काश्मीरचाही एक सभासद आहे, आणि त्याचा उल्लेख भारतीय वाचकापुढे ओझरता करून चालणार नाही. वैशाखात श्रीनगराच्या आसपास हिंडणाऱ्याला कबरींच्या मातीवर पांढऱ्या आणि जांभळ्या आयरिसचे ताटवे दिसतात. मृतांच्या उशाशी हे फूल लावण्याची तेथे जुनी रीत आहे. त्यांतील पांढऱ्याला बेकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७७ साली ‘कश्मिरियाना’ असे शास्त्रीय नाव दिले. फॉस्टरने त्याचा संकरात उपयोग केला, आणि त्याच्या हातून निपजलेल्या ‘काश्मीर व्हाइट’ या वाणाच्या नावात त्या मातीची खूण कायमची राहिली आहे. ज्या अनाम हातांनी हे मूलक्षोड कबरीकबरींतून पिढ्यानपिढ्या विभागून लावले, त्यांची नोंद कोठल्याही सूचिपत्रात नाही. फुलाच्या वंशावळीत मात्र त्यांचा वाटा आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे असे मला वाटते.

फॉस्टर व त्याचे अनुयायी या पौर्वात्य थोरांचा जुन्या युरोपीय वाणांशी संकर करू लागले तेव्हा एक चमत्कारिक अडचण अनुभवास येऊ लागली. बोंडे धरत नसत. धरली तर त्यांत पाचदहा बिया. आलेल्या रोपांपैकी बहुतेक वांझ. परंतु क्वचित एखादे रोप असे निघे की, त्यात आशियाचा आकार आणि युरोपचा रंग एकत्र येई, आणि तेवढे एकच भरपूर बी देई. डेव्हनमध्ये ए. जे. ब्लिस याने ‘कॉर्डेलिया’ या जुन्या लहान वाणावर आमासचे पराग लावून जे रोप मिळविले, ते १९१७ साली ‘डोमिनियन’ या नावाने बाहेर आले. त्याच्या खालच्या दलांचा गर्द मखमली जांभळा रंग आणि जाडी पाहून लोक थक्क झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत, इंडियाना प्रांतातील ब्लफ्टन या लहानशा गावी, चतुर किड्यांचा जगन्मान्य अभ्यासक ई. बी. विल्यम्सन याने आमासच्याच वंशातील ‘लेंट ए. विल्यम्सन’ प्रसिद्ध केला. या दोन झाडांची संतती आज जवळजवळ प्रत्येक उंच आयरिसच्या रक्तात आहे. १९२० साली अमेरिकेत आणि १९२२ साली इंग्लंडात आयरिस-संस्था स्थापन झाल्या. डाइक्स १९२५ साली मोटार-अपघातात मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ ठेवलेले पदक १९२७ पासून दिले जाऊ लागले, आणि अमेरिकेतील पहिले पदक कॅलिफोर्नियाच्या विल्यम मोर याच्या ‘सॅन फ्रान्सिस्को’ला मिळाले.

एवढ्या संकरांत थोडेच का फळतात, याचे कारण हाती आले ते या सुमारास. अमेरिकेत लाँग्ले आणि फ्रान्समध्ये मार्क सिमोने यांनी पेशींतील गुणसूत्रे मोजण्यास आरंभ केला, आणि कोडे एका बेरीज-वजाबाकीत सुटले. पॅलिडा आणि व्हेरिगाटा यांच्या प्रत्येक पेशीत २४ गुणसूत्रे, म्हणजे १२-१२ चे दोन संच. आमास, सायप्रियाना, मेसोपोटामिका, कश्मिरियाना यांच्यात ४८, म्हणजे चार संच. पहिल्याचा युग्मक, म्हणजे निम्म्या गुणसूत्रांची प्रजननपेशी, १२ चा, दुसऱ्याचा २४ चा. संततीत ३६, म्हणजे तीन संच. तीन संचांची जोडणी नीट होत नाही, म्हणून असे झाड वांझ. पण कधी काळी २४ वाल्या झाडाकडून एखादा युग्मक निम्मा न होताच तयार होतो. तो २४ चा, समोरचा २४ चा, आणि बेरीज ४८. डोमिनियन हे असे ४८ चे झाड आहे. ज्याला ब्लिसने आपल्या हाताचे यश मानले, ते पेशीविभाजनातील एका चुकीचे फळ होते. परंतु ती चूक शेकडो निष्फळ बोंडांमागून एकदाच येते, आणि तिची वाट पाहणारा मनुष्य तेथे उभा असावा लागतो, हेही तितकेच खरे आहे.

जर्मानिकाचा उलगडाही याच मोजणीने झाला. त्याची गुणसूत्रे ४४. उंच आयरिसचा युग्मक २४ चा आणि भूमध्यसागराच्या किनाऱ्यावरील बुटक्या ‘ल्युटेसेन्स’चा, ज्यात ४० गुणसूत्रे असतात, २० चा, दोहोंची बेरीज ४४. म्हणजे जो पूर्वज म्हणून मिरवत होता, तो स्वतःच कोणा अज्ञात काळच्या मिश्रविवाहाचे अपत्य निघाला. पुढे कॉर्नेल विद्यापीठात एल. एफ. रँडॉल्फ आणि मित्रा या भारतीय आडनावाचे संशोधक यांनी नुसती संख्या मोजून न थांबता एकेका गुणसूत्राची लांबी-रुंदी तपासली. मित्रा यांचा दाढीच्या आयरिसवरील निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला, आणि कुलवृत्तांतातील बरेचसे संशयाचे प्रसंग त्याने मिटविले.

चार संचांचे वैभव फुकट मिळालेले नाही. आकार व जाडी मिळाली, पण अप्रभावी गुण मिळविणे अतिशय दुष्कर झाले, आणि हे दुष्कर किती याचा आकडा सांगितल्याशिवाय पुढील पिढीच्या चिकाटीचे मोल कळणार नाही. दोन संचांच्या मिश्र झाडाचे स्वपरागण केले तर अप्रभावी गुण चारांत एकदा प्रकट होतो. चार संचांच्या झाडात दोन प्रती प्रभावी व दोन अप्रभावी असल्या, तर दोन्ही अप्रभावी प्रती घेतलेला युग्मक सहांत एकदा बनतो आणि असे दोन युग्मक एकत्र येण्याचा योग ३६ त एकदा; आणि अप्रभावी प्रत एकच असली तर तो योग साधारणतः येतच नाही, ती प्रत पिढ्यानपिढ्या दडून राहते. आयरिसमधील खरा गुलाबी रंग असा दडलेला होता. आयरिसचा निळा-जांभळा रंग पेशीरसात विरघळलेल्या अँथोसायनिनाचा, आणि पिवळा रंग पेशींतील कणांत असणाऱ्या कॅरोटिनॉइडांचा; गुलाबी रंगही याच दुसऱ्या वर्गातला, टोमॅटोला लाल करणारे जे लायकोपीन तेच येथे गुलाबी होते, आणि त्याच्याबरोबर दाढी शेंदरी नारिंगी होते. चारही प्रती अप्रभावी असल्या तरच हे घडते. १९४० च्या आसपास अमेरिकेत एकमेकांपासून शेकडो मैलांवर राहणाऱ्या अनेकांच्या वाफ्यांत हा रंग जवळजवळ एकाच वेळी उगवला, कारण सर्वांच्या रोपांत तेच दडलेले धन त्याच सुमारास पुरेसे साठले होते. व्यवसायाने वकील असलेल्या इलिनॉयच्या डेव्हिड हॉलने त्याचा पाठपुरावा सर्वांत पद्धतशीरपणे केला. त्याच्या ‘शेरी’ला १९५१ साली डाइक्स पदक मिळाले, आणि ऑर्व्हिल फे याच्या ‘मेरी रँडॉल’ला १९५४ साली.

या साऱ्यांत ज्याच्याविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो तो ब्लफ्टनचाच पॉल कुक. पांढरी उभी दले आणि जांभळी लवती दले असा वर्णविरोध ‘वॉबॅश’ या वाणात होता, त्याला १९४० साली पदकही मिळाले होते. पण हा गुण अप्रभावी, त्याचे बी कष्टाने उगवे, आणि त्या वाटेने पुढे जाणे जिकिरीचे होते. कुकने बाल्कन डोंगरांतील ‘राइखेनबाखिआय’ या क्षुद्र दिसणाऱ्या रानटी जातीचा एका निळ्या उंच वाणाशी संकर केला, आणि त्यातून जे ठेंगणे, कोणाच्याही नजरेत न भरणारे रोप निघाले त्याच्यात हाच वर्णविरोध प्रभावी गुण म्हणून असल्याचे त्याने ओळखले. त्याने १९५१ साली त्याचे नाव ‘प्रोजेनिटर’, म्हणजे वंशप्रवर्तक, असे नोंदविले. फुलाच्या रूपाकडे पाहून हे नाव कोणी दिले नसते. कुकने त्याच्या नातवंडांकडे पाहून ते दिले. १९५७ सालचा ‘होल क्लॉथ’, शुभ्र उभ्या आणि आकाशी लवत्या दलांचा, हे त्याचेच फळ, आणि त्याला १९६२ चे डाइक्स पदक मिळाले. पुढील द्विरंगी वाणांपैकी फारच मोठा भाग या एका झाडापर्यंत जाऊन पोचतो.

बुटक्या आयरिसचे नवे घराणेही कुक आणि त्याचा मित्र गेडिज डग्लस यांनीच बसविले. पूर्व युरोपच्या माळांवरील ‘प्युमिला’ वीतभर उंचीचा आणि ३२ गुणसूत्रांचा. त्याचे पराग उंच वाणावर लावले की १६ अधिक २४, म्हणजे ४० ची संतती होते. येथे निसर्गाची योजना इतकी सरळ आहे की हिशेब करताना आनंद होतो: प्युमिलाच्या १६ त ८-८ चे दोन संच, उंचाच्या २४ त १२-१२ चे दोन, प्रत्येक संचाला आपला जोडीदार घरातच मिळतो, आणि म्हणून हे संकर वांझ न होता स्वतःची प्रजा वाढवितात. कुकच्या ‘ग्रीन स्पॉट’पासून, हाही १९५१ सालचाच, बागांच्या कडा भरून टाकणारा हा वीत-दीड वीत उंचीचा वर्ग जन्मास आला. हाच बुटका संकर पुन्हा उंचाशी लावला तर २० आणि २४ मिळून पुन्हा ४४, म्हणजे मध्यम उंचीचे आणि बहुधा वांझ झाड: जर्मानिकाच, नव्या वेषात.

१९३९ साली कॅलिफोर्नियात क्लारा रीस यांच्या बागेत ‘प्युरिसिमा’ या ४८ च्या पांढऱ्या वाणावर ‘थाइस’ या २४ च्या वाणाचे पराग लावून मोजक्याच बियांतून ‘स्नो फ्लरी’ निघाला, तेव्हा दलांना लाटांची झालर आली. त्या झालरीचे वेड इतके वाढले की, मागील काही दशकांतील पदकप्राप्त वाण पाहिले असता त्यांची दले एखाद्या चुणीदार पदरासारखी दुमडलेली दिसतात, उभ्या दलांचा घुमट बंद होऊन जातो, आणि पावसाची एक सर आली की फुलाच्या ओझ्याने दांडा आडवा होतो. माझे मत स्पष्ट सांगायचे तर आयरिसचे सौंदर्य त्याच्या रेषेत आहे, वस्त्रात नाही. ‘मादाम शेरो’च्या पातळ दलातून सकाळचे ऊन आरपार येते, तसे या भरजरी फुलांतून येत नाही. वंशाच्या दृष्टीनेही हे बरे नव्हे, कारण तीच तीच पदकविजेती झाडे आईबाप म्हणून फिरत राहिल्याने रक्त आटत चालले आहे, आणि २४ गुणसूत्रांचे जुने वाण नष्ट होऊ दिले तर त्यांतील गुण पुन्हा मिळविण्याचा मार्ग राहणार नाही. अमेरिकेत १९८८ पासून जुने आयरिस जतन करणारी मंडळी संघटित झाली आहेत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट आहे.

एक रंग मात्र या सर्व परिश्रमांना चकवून राहिला आहे, तो म्हणजे खरा तांबडा. ज्याला सूचिपत्रांतून लाल म्हणतात तो पिवळ्या पार्श्वभूमीवरचा तपकिरी जांभळा असतो, कारण आयरिसचे अँथोसायनिन मुख्यत्वे डेल्फिनिडिन जातीचे, म्हणजे निळ्याकडे झुकणारे. त्यासाठी अजूनही दरवर्षी चिमटे चालतात, ओठासारख्या कुक्षीवर पराग टेकविले जातात, चिठ्ठ्या बांधल्या जातात, दोन-अडीच महिन्यांनी बोंडे तडकतात, बी हिवाळ्यापूर्वी पेरले जाते, काही वसंतात उगवते, काही दोन-तीन वर्षे जमिनीत स्वस्थ पडून राहते, आणि पहिले फूल दिसेपर्यंत आणखी दोन वर्षे जातात. इकडे क्रोएशियाच्या व्हेलेबित पर्वतावर, जेथे पॅलिडाचे कडे आणि व्हेरिगाटाची गवताळ पठारे एकमेकांस भेटतात, तेथे हे काम मधमाश्या करीत आहेत, आणि जांभळ्या व पिवळ्यामधली धुरकट रंगाची संकरज फुले त्या दगडांतून दरवर्षी उमलतात.